डीटीपीवाला, छोटा स्टुडिओ की बेंगळुरूची एजन्सी: बेळगावात दुकानाचं ब्रँडिंग कुणाकडून करून घ्यावं?

"लोगो आहे का तुमच्याकडे?" असं विचारलं की समोरचा माणूस बहुधा खिशात हात घालतो आणि व्हिजिटिंग कार्ड काढून टेबलावर ठेवतो. "आहे की ओ. हे काय." कार्ड चार वर्षांपूर्वीचं, कडा मऊ पडलेल्या. त्यावर लाल अक्षरात नाव आणि शेजारी एक कमळ. हेच कमळ मी गणपत गल्लीपासून निपाणीच्या बसस्टँडपर्यंत निदान सहा पाट्यांवर पाहिलेलं असतं. मूळ फाइल कुठाय? छापणाऱ्याकडं. छापणाऱ्याला फोन लावावा, तर त्याचा कॉम्प्युटर मागच्या पावसाळ्यात गेलेला. मग त्या साडेतीन इंची कार्डावरून आठ फुटी पाटी करायची असते, आणि तीही दसऱ्याच्या आत.

गेल्या महिन्यात शहापूरचे एक मिठाईवाले काका आले. वडिलांच्या वेळेपासूनचं लहान दुकान, कुंदा आणि मांडे. मुलाच्या डोक्यात आलंय की डबे गोव्याला आणि कोल्हापूरला जायला हवेत. काकांच्या हातातल्या कापडी पिशवीत तीन कोटेशनं होती. एक गल्लीतल्या डीटीपीवाल्याचं, जुन्या पावतीच्या पाठीवर पेनानं लिहिलेला आकडा. दुसरं आमच्या छोट्या स्टुडिओचं, दोन पानी. तिसरी बेंगळुरूच्या एका एजन्सीची चोवीस पानी पीडीएफ, मुलानं रंगीत प्रिंट काढून दिलेली. तिन्ही माझ्यापुढं ठेवून ते म्हणाले, "तुमीच सांगा की ताई, यातलं कुठलं घेऊ?"

तिघांपैकी एक मीच, तेव्हा माझा तराजू थोडा आमच्या बाजूला कलणार. ते धरूनच पुढचं वाचा. पण त्या दिवशी काकांना जे सांगितलं, तेच इथं सविस्तर लिहिते आहे. त्यांच्यासारखी माणसं दर आठवड्याला येतात आणि प्रश्न तोच असतो.

गल्लीतला डीटीपीवाला

आधी त्याची बाजू, कारण डिझायनर लोक त्याला उगाच नाक मुरडतात. तुम्हाला बिलबुक हवंय, हँडबिल हवंय, उद्घाटनाची पत्रिका परवापर्यंत हवी आहे, तर त्याच्याइतका कामाचा माणूस नाही. तुम्ही त्याच्या शेजारी स्टुलावर बसता, तो कोरल ड्रॉ उघडतो, तुम्ही "नाव जरा मोठं करा, आजोबांचा फोटो वरती घ्या" म्हणता आणि चहा संपेपर्यंत काम होतं. डिझाइनचे पैसे वेगळे नसतातच, ते छपाईत धरलेले असतात. शिवजयंतीच्या चित्ररथांचे दिवस, गणपती, लग्नसराई अशा वेळी तो रात्री दोनपर्यंत दुकान उघडं ठेवतो. आम्ही ठेवत नाही.

अडचण सुरू होते ती एकच गोष्ट तीन ठिकाणी वापरायची वेळ आली की. व्हिजिटिंग कार्डाचंच बघा. स्वस्तातलं रंगीत कार्ड बहुतेक वेळा तुमचं एकट्याचं छापलंच जात नाही. आणखी पंधरा-वीस जणांची कार्डं एकाच मोठ्या शीटवर लावून एकदम छापतात, म्हणून तर ते परवडतं. पण मशीनवर शाई जमवताना शेजारच्या कार्डातल्या फोटोला सांभाळून घेतलं, की तुमचा लाल पुढच्या खेपेला विटकरी होऊन येतो. दोन हजार कार्डांच्या दोन खेपा शेजारी ठेवून बघा. यात डीटीपीवाल्याचा दोष नाही, त्या भावात तेवढंच मिळतं. फक्त तुमचा लाल कुठला, हे आकड्यात कुणी लिहून ठेवलेलं नसतं. सी 10, एम 100, वाय 90, के 10 अशी चार शाईंची मापं एकदा कागदावर आली की बेळगावात छापा नाहीतर शिवकाशीला, लाल बराचसा लालच राहतो.

दुसरी अडचण फॉन्टची. आपल्याकडच्या बऱ्याच दुकानांत अजून श्री-लिपीसारखे जुन्या पद्धतीचे मराठी फॉन्ट आणि कन्नडसाठी नुडी किंवा बरहा चालतात. अक्षरं सुरेख असतात, सवय असते, टायपिंग झपाट्यानं होतं. पण ती फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली आणि तिथं तो फॉन्ट नसला, तर "श्री महालक्ष्मी" च्या जागी कंसांची आणि उद्गारचिन्हांची रांग येते. म्हणून कुणाकडूनही फाइल घेताना एक वाक्य पाठ करून ठेवा: "कर्व्ह करून द्या." कोरलमध्ये कंट्रोल आणि क्यू दाबलं की अक्षराचं चित्र होतं, मग फॉन्ट असो नसो. मात्र कर्व्ह केल्यावर त्यातलं स्पेलिंग बदलता येत नाही, तेव्हा न केलेली प्रतही मागून घ्यायची.

आमच्यासारखा छोटा स्टुडिओ

टिळकवाडीत दुसऱ्या गेटाजवळ, खाली झेरॉक्स आणि वर आम्ही. तीन माणसं. मी, येळ्ळूरचा एक मुलगा जो पॅकिंगची कामं बघतो, आणि बैलहोंगलची एक मुलगी. ती कन्नड शाळेत शिकलेली. ती येण्याआधी आमचं अर्धं काम लंगडं होतं, ते का हे पुढं सांगते.

दिवस कसा जातो म्हणाल, तर डिझाइन त्यात दोन-अडीच तासच असतं. सकाळी प्रुफं. मग उद्यमबागला जाऊन एसीपी बोर्डावर (पाटीसाठीचा ॲल्युमिनियमचा पत्रा) अक्षरं कशी बसली ते बघणं. दुपारी वीज गेली की यूपीएस वीस मिनिटं टिकतो, तेवढ्यात सगळं सेव्ह करायचं आणि चहाला खाली उतरायचं. पावसाळ्यात तर निराळाच ताप. बेळगावच्या जून-जुलैत कागद हवेतलं पाणी पितो, डब्याचं कार्ड वाकडं होतं, चिकटवलेली कड सुटते. आम्ही पावसाळ्यात नवे डबे छापू नका म्हणून गिऱ्हाइकाला सांगतो आणि गिऱ्हाईक नेमका गणपतीच्या तोंडावर डबा मागतो. बाकी वेळ फोनवर. "ताई, जरा नाव मोठं करता काय?" हा फोन आम्हालाही येतो, डीटीपीवाल्यालाच येतो असं नाही.

मग आमच्याकडं जास्तीचं काय मिळतं? खरं उत्तर एकच आहे आणि ते सीमाभागातच लागू पडतं: तुमचं नाव दोन किंवा तीन लिप्यांत एका घरातलं दिसेल, याची जबाबदारी कुणीतरी घेतो.

कन्नड भाषेच्या कायद्यात 2024 साली दुरुस्ती झाल्यापासून दुकानाच्या फलकावर 60 टक्के कन्नड आणि तेही वरच्या भागात लागतं. यावर आपल्या गावात काय काय बोललं जातं ते मी तुम्हाला सांगायला नको. डिझायनरच्या टेबलावर मात्र तो मापाचा प्रश्न होऊन येतो. आठ बाय तीनच्या पाटीत वर कन्नड, खाली मराठी, कोपऱ्यात इंग्रजी, शिवाय फोन नंबर आणि "स्थापना" चं साल. बहुतेक ठिकाणी होतं काय, की मराठी नाव कुणीतरी हौसेनं काढलेलं असतं आणि कन्नड नाव कॉम्प्युटरात होतं त्या फॉन्टमध्ये वर चिकटवलेलं असतं. पाटी एक आणि दुकानं दोन, असं ते दिसतं.

आता नुसता "कुंदा" हा शब्द घ्या. देवनागरीत उकार खाली लटकतो, अनुस्वाराचा ठिपका डोक्यावर बसतो आणि सगळ्यांना धरून वर एक शिरोरेघ. शब्द आखूड आणि उभट होतो. कन्नडात हाच शब्द लिहिला की उकार अक्षराच्या उजव्या हाताला जातो आणि अनुस्वार म्हणजे ठिपका नव्हेच, ते शेजारी ओळीत बसणारं अख्खं वर्तुळ. शिरोरेघ नाही, प्रत्येक अक्षराला आपापली टोपी. शब्द पसरतो. म्हणजे दोन्ही नावं सारख्या लांबीची केली की कन्नड बुटकं दिसतं आणि सारख्या उंचीची केली की ते पाटीबाहेर जातं. त्यात रेघेची जाडी. देवनागरीची उभी रेघ जाड ठेवून कन्नडची गोलाई त्याच जाडीची केली, तर वळणांच्या पोटात काळोख साठतो. ती अर्ध्या पेनानं बारीक करावी लागते. हे कुठल्याही ॲपात आपोआप होत नाही, डोळ्यानंच करावं लागतं.

"लक्ष्मी" नाव असेल तर उलटं. मराठीत ते सरळ आडवं जातं. कन्नडात जोडाक्षराचा दुसरा भाग खाली बसतो, त्याला ओत्तक्षर म्हणतात, आणि इथं तर दोन-दोन बसवायचे असतात. खाली जागा सोडली नाही तर ते मराठी ओळीच्या शिरोरेघेवर आदळतात. आमचीच फजिती सांगते. सुरुवातीच्या काळात एका दुकानाची पाटी आम्ही मराठी डोळ्यानं तपासली आणि कापायला पाठवली. खालची ती लहान अक्षरं ॲक्रिलिकमध्ये इतकी नाजूक झाली, की लावताना एक तुटलं. मशीनवाल्यानं फाइलबरहुकूम कापलं होतं. पैसे आम्ही भरले. त्यानंतरच बैलहोंगलची मुलगी कामावर आली.

तिनं पहिल्या आठवड्यात पकडलेली चूक अजून सांगण्यासारखी आहे. आपल्या "बे" ला ऱ्हस्व-दीर्घ नाही, कन्नडात एकार आणि ओकार दोन-दोन असतात. देवनागरीतलं "बेळगावी" लिपी बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं, की ते दीर्घ "बे" काढतं. खरं कन्नड नाव ऱ्हस्वानं सुरू होतं. मराठी माणसाच्या नजरेला फरक जाणवत नाही, कन्नड वाचणारा मात्र थबकतो, कारण दीर्घानं सुरू होणारा "बेळे" म्हणजे त्यांच्याकडं डाळ. मिठाईच्या डब्यावर डाळगाव! हसू नका, असे डबे बाजारात आहेत.

फॉन्टच्या बाबतीत आता दिवस बरे आहेत. मुंबईच्या एक टाइपनं 2022 मध्ये "अनेक" नावाचा फॉन्ट खुला केला, त्यात देवनागरी, कन्नड आणि रोमन एकाच हातानं काढल्यासारखी बसतात. त्यांच्याच "बलू" मध्ये कन्नडसाठी "बलू तम्मा" आहे. फुकट आहेत. साधी पाटी असेल तर डीटीपीवाल्याला सांगूनसुद्धा हे वापरता येतील, त्यासाठी आमच्याकडं यायला हवंच असं नाही. फक्त मराठी "ल" आणि "श" हिंदी वळणाचे येत नाहीत ना, ते एकदा बघून घ्या. शाळेत जसा "ल" काढायला शिकलो, तसाच पाटीवर दिसला पाहिजे, हा माझा हट्ट. गिऱ्हाईक कधी मागत नाही.

पुण्याची किंवा बेंगळुरूची एजन्सी

काकांच्या त्या चोवीस पानांत मला नावं ठेवण्यासारखं काही सापडलं नाही. विचार नीट मांडलेला होता. गोव्याच्या मॉलमध्ये पर्यटक डबा का उचलेल, कुंद्याच्या शेजारी फळीवर आणखी काय असेल, ऑनलाइन विकताना पहिला फोटो कुठला असावा. आम्ही तिघं एवढा अभ्यास करत नाही, करायला वेळही नसतो. कोण गिऱ्हाईक, कुठला भाव, कुठली भाषा, हे ठरवून मग चित्राकडं जाणं, ही त्यांची पद्धत आहे आणि ती मोठ्या उडीला उपयोगी पडते.

पण बेंगळुरू पाचशे किलोमीटरवर, पुणं साडेतीनशेच्या आसपास. 2024 मध्ये हुबळी-पुणे वंदे भारत सुरू झाली तेव्हापासून पुण्याला जाणं सोपं झालं, तरी डब्याचा डमी हातात घेऊन "झाकण घट्ट बसतंय" म्हणायला कुणी गाडीनं येत नाही. सगळं व्हिडिओ कॉलवर. बेंगळुरूवाल्यांचं कन्नड भक्कम असतं आणि मराठी भाषांतरासारखं. पुणेवाल्यांचं नेमकं उलटं. त्या पीडीएफच्या अकराव्या पानावर मराठी ओळ होती: "परंपरेच्या चवीचा अनुभव घ्या." काकांनी ती दोनदा वाचली आणि विचारलं, "हे आमच्या कुंद्याबद्दल हाय काय?"

शिवाय मोठ्या ठिकाणी तुमचं काम लहान असतं. पहिल्या बैठकीला आलेला अनुभवी माणूस दुसऱ्या महिन्यात दिसत नाही, नवी पोरं काम करतात. ही तक्रार करणारे आमच्याकडं येतात. जे खूश असतात ते कशाला येतील, तेव्हा हेही अर्धंच चित्र समजा.

उद्यमबागेत हायड्रॉलिक्स किंवा कास्टिंगचा कारखाना असेल आणि माल परदेशी जात असेल, तर मात्र माझं मत वेगळं आहे. तिथं पाटीला कोण विचारतो? गिऱ्हाईक कॅटलॉग, वेबसाइट आणि प्रदर्शनातला स्टॉल बघतो, सगळं इंग्रजीत. अशा कामाला एजन्सी घ्या, किंवा ज्यानं आधी तांत्रिक कॅटलॉग केलेत असा कुणी. मिठाईचे डबे करणाऱ्या आमच्यासारख्यांना व्हॉल्व्हचा आडवा छेद नीट काढता येईलच, याची खात्री मी देणार नाही.

आणि मोबाइलवरचं ॲप

काकांच्या मुलानं हेही करून पाहिलं होतं. दहा मिनिटांत आठ लोगो. घरगुती लोणची, पापड, चटणी आठवड्याला वीस-पंचवीस पाकिटं ओळखीत विकणाऱ्या खानापूरच्या एखाद्या वहिनींसाठी हे पुरेसं आहे, पैसे घालू नका. धंदा चालतोय का ते आधी बघा. दोनच गोष्टी ध्यानात ठेवा. तयार टेम्प्लेटमधलं चित्र उद्या दुसऱ्या कुणाच्याही पाकिटावर दिसू शकतं. आणि एआयनं काढलेल्या चित्रात देवनागरी किंवा कन्नड अक्षरं असतील, तर ती अक्षर-अक्षर वाचून बघा. लांबून मराठी वाटतं, जवळ गेल्यावर कुठलीच भाषा नसते.

पैसे

आमच्याकडं नाव तीन लिप्यांत, चिन्ह, कार्ड, पाटी आणि एका डब्याचं डिझाइन मिळून पस्तीस ते पन्नास हजारांत होतं. छपाई वेगळी, वर 18 टक्के जीएसटी. काकांच्या पावतीवरचा डीटीपीचा आकडा छपाईसह आमच्या चौथाईपेक्षा कमी होता. एजन्सीचा लाखांत होता, तो सांगत नाही, दुसऱ्याचं कोटेशन आहे. तिन्ही आकडे एका रांगेत मांडून बघू नका, कारण तिघं एकच वस्तू विकत नाहीत. पहिल्याच्या आकड्यात कागद आणि शाई आहे, आमच्यात नाही, तिसऱ्याच्यात तर आधी दोन महिने नुसता विचार आहे.

डबा असेल तर आणखी काही गोष्टी

पाटीपर्यंत ठीक, पण खाण्याचा डबा छापायचा म्हटलं की कोण काम करणार हा प्रश्न बदलतो. डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी नंबर लागतो. हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका लागतो, आणि त्याचं माप डब्याच्या दर्शनी भागाच्या क्षेत्रफळावरून ठरतं, मनानं लहान करता येत नाही. निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, तयार केल्याची तारीख, बनवणाऱ्याचा पत्ता, तक्रारीसाठी फोन. वजनमापाच्या नियमांप्रमाणे हा मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत असावा लागतो, मराठी आणि कन्नड त्याच्या जोडीला चालतं. नुसत्या मराठीत छापलेला सुंदर डबा गोव्याच्या दुकानदारानं परत केलेला मी पाहिलाय. मॉलमध्ये ठेवायचा तर बारकोड हवा. बारकोडचे आकडे देणाऱ्या जीएस1 इंडियाकडून घेतला की आकडा 890 नं सुरू होतो.

हे सगळं ज्याला तोंडपाठ आहे त्याच्याकडंच डबा द्या, तो कुणीही असो. कोल्हापूरचे काही छापखाने डबेच करतात. त्यांना डाय, पंचिंग, पेस्टिंग आमच्याहून जास्त कळतं.

आणि कुंद्याचा फोटो! तो या धंद्यातला छळ आहे. तपकिरी, रवाळ, तुपानं चमकणारा. वरून फ्लॅश मारला की ओली माती दिसते. बाजूनं उजेड घ्यावा लागतो, म्हणजे रव्याला सावली पडते आणि ती खायची वस्तू वाटते. पडद्यावर सोनेरी दिसणारा तो तपकिरी रंग छापताना काळपटतो, मग फाइलमध्ये काळी शाई कमी करून पिवळी वाढवायची. आम्ही शेवटी फोटो सोडून रेघांचं चित्र काढतो, पितळी पातेलं आणि उलथणं. काहींना आवडतं, काकांना नाही आवडलं. "कुंदा दिसंना की ओ," म्हणाले.

सही करायच्या आधी

इथं बहुतेक माणसं चुकतात, आणि तिन्ही दारांत सारखीच चुकतात. तुम्ही पैसे भरून लोगो करून घेतलात म्हणजे तो तुमचा झाला, असं नाही. कॉपीराइट कायदा 1957 चा आहे आणि त्यात रेखाटनाचा पहिला मालक साधारणपणे ते काढणारा. हक्क तुमच्याकडं यायचे तर तसं लेखी लागतं, काढणाऱ्याच्या सहीनं. त्या कागदात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून एका ओळीत "कायमस्वरूपी, सर्व देशांसाठी" लिहून घ्या. आम्ही शेवटच्या बिलासोबत हा कागद देतो. पूर्वी देत नव्हतो, कुणी मागितलाच नव्हता.

ट्रेडमार्कही लवकर करा. नोंदणी मालाच्या वर्गानुसार होते, मिठाईचा वर्ग 30. एका वर्गाला लहान उद्योगाची ऑनलाइन फी 4,500 रुपये, मोठ्या कंपनीला 9,000. नोंदणी दहा वर्षांची, पुढं वाढवता येते. आपलं काम मुंबईला जात नाही, कर्नाटकासाठी चेन्नईचं कार्यालय. आणि नाव निवडताना लक्षात घ्या, "बेळगाव कुंदा" एवढंच नाव तुमच्या एकट्याच्या मालकीचं व्हायचं नाही, कारण ते गावाचं आणि पदार्थाचं नाव आहे. त्याच्याआधी तुमचं काहीतरी हवं. आजीचं नाव, गल्लीचं नाव, काहीही.

फाइल कुठल्या मागायच्या? मूळ सीडीआर किंवा एआय (म्हणजे कोरल ड्रॉची किंवा इलस्ट्रेटरची फाइल), कर्व्ह केलेली पीडीएफ, मागची बाजू पारदर्शक असलेली पीएनजी, आणि एका कागदावर रंगांचे आकडे आणि फॉन्टची नावं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं घेऊ नका, ते दाबून लहान होतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणावं, नाहीतर पेन ड्राइव्ह घेऊन जा. डीटीपीवाला फाइल द्यायला का-कू करत असेल तर त्याचंही कारण समजून घ्या. त्यानं डिझाइनचे पैसे घेतलेले नसतात, पुढची छपाई आपल्याकडंच यावी हीच त्याची कमाई. पाचशे रुपये वेगळे द्या आणि फाइल मागा, बहुतेक जण देतात.

काकांना मी एवढंच विचारलं: पुढच्या दिवाळीपर्यंत तुमचं नाव किती ठिकाणी, किती लिप्यांत लिहिलं जाणार? शहापुरातलं दुकान आणि शेजारपाजारचं गिऱ्हाईक एवढंच असतं, तर मी त्यांना पावतीवरचा आकडा घ्या म्हणाले असते, आणि कन्नड नाव कुणा कन्नड मास्तरांना दाखवून घ्या म्हणून सांगितलं असतं. डबा सीमेपलीकडं कोल्हापुरात जायचा, गोव्यात जायचा, इथल्या पाटीवरही लागायचा, म्हणजे एकच नाव तीन वेळा तीन तऱ्हांनी वाचलं जाणार. तिथं आमचं काम सुरू होतं. आणि उद्या वर्षाला लाखभर डबे, दोन-तीन राज्यांत वितरक, असं झालं, तर ती चोवीस पानं पुन्हा काढावीत, तोवर पिशवीतच ठेवावीत.

त्यांनी चौथाच मार्ग काढला, आणि तो मला आता इतरांनाही सांगावासा वाटतो. नाव, पाटी आणि डबा आमच्याकडं. कार्ड, बिलबुक, हँडबिलं गल्लीतल्या माणसाकडं, आमच्या फाइलवरून, रंगाचे आकडे देऊन. "त्याचा बाप माझ्या लग्नाची पत्रिका छापलाय ओ, त्याला कसं सोडू?" एजन्सीला मुलानं दोन वर्षांनी फोन करतो म्हणून कळवलं.

मागच्या सोमवारी डब्याचा पहिला डमी दिला. पाव किलोचा, एफबीबी कार्डाचा (डब्यांसाठीचा पुठ्ठा), झाकणावर कन्नड आणि मराठी नाव एकाखाली एक. काकूंनी त्यात गरम कुंदा भरला आणि रात्रभर देवळीत ठेवला. मंगळवारी सकाळी सातला फोन. "ताई, अक्षर लै बरं झालंय. पण तूप खालनं आलंय." आतल्या बाजूला लॅमिनेशन घातलेला दुसरा डमी शुक्रवारी यायचा आहे.